बदकाला गारवा पायांतून मिळतो

उन्हाळा आला की कोंबड्या पाळणारे धास्तावतात आणि बदकं पाळणारे निर्धास्त असतात. बदक म्हणजे पाण्यातला जीव, अंगणात एक टब भरून ठेवला की त्याचं भागलं, असा आपला समज. तो निम्माच खरा आहे. थंडीत बदक कोंबडीपेक्षा कितीतरी काटक ठरतं. पण ज्या पिसांच्या जोरावर ते थंडी काढतं, तीच पिसं उन्हाळ्यात त्याच्या मुळावर येतात. समोर भरलेला टब असूनही बदक उष्माघाताने मरू शकतं. टब कुठे ठेवलाय, पाणी कधी भरलंय आणि बदकाच्या शरीराचा कुठला भाग त्यात बुडतोय, यावर सगळं अवलंबून असतं.

सावली, पाणी, वारा हे उपाय सगळ्यांना ठाऊक असतात. त्यातला कुठला कशामुळे लागू पडतो हे माहीत नसलं, की मेहनत भलत्या जागी खर्च होते. पाइप धरून बदकांच्या पाठीवर पाणी मारत राहणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. बघायला छान वाटतं, बदकंही इकडेतिकडे पळतात, पण अंगातली उष्णता त्याने फारशी उतरत नाही.

उष्णता बाहेर पडते कुठून?

बदकाच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, म्हणजे सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं. खाल्लेलं पचवताना, चालताना, अंडं तयार करताना अंगात सतत उष्णता तयार होत असते आणि ती तितक्याच वेगाने बाहेर टाकावी लागते. आपल्याला घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होतं. बदकाला घामाच्या ग्रंथीच नसतात.

त्यात त्याच्या अंगावरचा तो दुहेरी पोशाख. बाहेरची पिसं एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात. शेपटीच्या बुडाशी एक तेलाची ग्रंथी असते. बदक चोचीने तिथलं तेल घेऊन दिवसभर पिसांना चोपडत असतं. या पिसांच्या आत मऊ लव आणि त्या लवेत अडकलेली हवा. रजई पांघरून वर रेनकोट चढवावा आणि भर उन्हात उभं राहावं, तशी ही अवस्था. पाठीवर मारलेलं पाणी थेंबाथेंबाने घरंगळून खाली पडतं, कातडीपर्यंत पोचतच नाही. निरोगी बदकाचं हेच तर लक्षण आहे.

म्हणून उष्णता बाहेर पडते ती जिथे पिसं नाहीत तिथून: पाय, बोटांमधले पातळ पडदे आणि चोच. पायाच्या पडद्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. थंडीत या वाहिन्या आकसतात, शिवाय पायाकडे जाणारं गरम रक्त शेजारून परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच आपली उष्णता देऊन टाकतं. त्यामुळे बर्फावर उभं राहूनही बदक गारठत नाही. उन्हाळ्यात याच्या उलट घडतं. वाहिन्या रुंदावतात, पायात भरपूर रक्त येतं आणि ते तिथून गार होऊन परत शरीरात जातं. चोचीचंही तसंच. ती आपल्याला नुसती टणक शिंगासारखी दिसते, पण तिच्या आवरणाखाली भरपूर रक्त खेळत असतं. तापलेलं बदक चोच पाण्यात बुडवून बसतं, त्यात तहानेइतकाच गारव्याचाही भाग असतो.

आता पाण्याचा हिशोब बघा. हवेच्या तुलनेत पाणी वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. हवा ३८ अंशांवर असेल तर बदक आणि हवा यांच्यात तीन-चार अंशांचाच फरक उरतो, त्यामुळे हवेत उष्णता जवळजवळ जातच नाही. त्याच वेळी पाय २५ अंशांच्या पाण्यात असतील तर फरक सोळा अंशांचा होतो, आणि उष्णता नेणारं माध्यमही कितीतरी सरस असतं. घोट्यापर्यंत बुडतील एवढं गार पाणी पाठीवरच्या शंभर फवाऱ्यांपेक्षा जास्त कामाचं ठरतं ते यामुळे.

दुसरी वाट श्वासाची. बदक चोच उघडून धापा टाकतं तेव्हा तोंड, घसा आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. हा मार्ग भलताच प्रभावी आहे. दोन किलो वजनाच्या बदकाचं तापमान एका अंशाने उतरवायला जेमतेम तीन मिलिलिटर पाण्याची वाफ पुरते, म्हणजे चहाच्या चमच्याच्या अर्ध्याहून थोडी जास्त. हवेचं तापमान शरीराच्या तापमानाला भिडलं की कोरड्या अंगाने उष्णता सोडण्याचं काम थांबतं आणि पाण्याबाहेरच्या बदकाकडे धाप हा एकच उपाय उरतो.

पण धापेची किंमत मोजावी लागते. एक तर शरीरातलं पाणी जातं. दुसरं म्हणजे भराभर श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्ताचा रासायनिक तोल ढळतो. अंड्याचं कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि त्यातलं कार्बोनेट याच कार्बन डायऑक्साइडपासून बनतं. उन्हाळ्यात पातळ कवचाची, हातात घेताच फुटणारी अंडी मिळू लागली की लोक लगेच कॅल्शियम वाढवतात. कॅल्शियम कमी पडतही असेल, कारण उन्हात बदकं खातातच कमी. पण बहुतेकदा खरं कारण दुपारची धाप असतं. (१९८० च्या दशकात उष्ण जागेत ठेवलेल्या कोंबड्यांना सोड्याचं पाणी पाजून पाहिलं गेलं होतं आणि कवच सुधारलंही होतं. म्हणून बदकांपुढे सोड्याच्या बाटल्या फोडायची गरज नाही. सावली करा, धाप कमी होईल.)

तिसरी गोष्ट दमटपणाची. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर श्वासातल्या ओलाव्याची वाफ नीट होत नाही. त्यामुळे ३३ अंशांची दमट दुपार ही ३८ अंशांच्या कोरड्या दुपारीपेक्षा वाईट ठरू शकते. नुसता तापमानाचा आकडा बघून निश्चिंत राहू नये. साधारण २५ अंशांपर्यंत प्रौढ बदकं मजेत असतात, २७-२८ च्या पुढे लक्ष द्यायला लागायचं, आणि हवा दमट असेल तर त्याच्याही आधी.

पाणी: प्यायचं वेगळं, डुंबायचं वेगळं

प्रौढ बदक एरवी दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी पितं आणि कडक उन्हात याच्या दुप्पट लागू शकतं. शिवाय पितानाच ते निम्मं पाणी सांडतं, चोचीतला चिखल त्यात धुतं आणि अर्ध्या तासात पाण्याचा रंग बदलून टाकतं. एकच मोठं भांडं ठेवण्यापेक्षा लहान-मोठी तीन-चार भांडी वेगवेगळ्या ठिकाणी, सगळी सावलीत ठेवावीत. दांडगा नर एका भांड्यावर ठाण मांडून बसला तरी बाकीच्यांची अडचण होत नाही, आणि एखादं उलटलं तरी दुपार पाण्याविना जात नाही.

भांडं इतकं खोल हवं की नाकपुड्यांसकट अख्खी चोच पाण्यात बुडाली पाहिजे. बदक पाण्यात चोच घालून फुस्स करून नाकपुड्या साफ करतं, डोके बुडवून डोळे धुतं. कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या उथळ गोल भांड्यांत हे जमत नाही. मग नाकात घाण साचते, डोळ्यांच्या कडांना चिकटा धरतो. उन्हाळ्यात नाक चोंदलं म्हणजे धाप टाकायची वाटही अरुंद झाली.

डुंबायच्या पाण्याला मोठं तळं लागत नाही. बदक तरंगेल एवढा, वीत-दीड वीत खोलीचा टब असेल तर उत्तमच, कारण पाण्यात बसल्यावर पायांबरोबर पोटही गार होतं. तेवढी सोय नसेल तर चार बोटं पाणी राहील अशी पसरट घमेली किंवा ट्रे सावलीत मांडून ठेवले तरी पाय बुडतात आणि मुख्य काम होतं. खोल टबात विटा रचून किंवा खडबडीत फळी टेकवून बाहेर यायची वाट केलीच पाहिजे. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत कडेवरून दमलेल्या बदकाला वर येता येत नाही.

टबाची जागा निवडताना हमखास चूक होते. सकाळी सावलीत दिसणारा टब दुपारी भर उन्हात असतो. काळ्या किंवा गडद रंगाचा, कमी पाण्याचा टब दोन तासांत इतका तापतो की त्यात उभं राहून बदकाला काहीच मिळत नाही. पाय आणि पाणी सारखेच गरम. दुपारी दोनच्या सुमारास स्वतःचं मनगट टबात बुडवून बघा. पाणी कोमट लागलं तर त्याचा गारव्यासाठी उपयोग संपला, ते बदला. हातात थर्मामीटर असण्याची गरज नाही.

बदलताना पाइपकडे लक्ष असू द्या. उन्हात पडलेल्या पाइपमध्ये सकाळपासून अडकून राहिलेलं पाणी सहज पन्नास अंशांच्या वर गेलेलं असतं. नळ उघडला की पहिले काही लिटर हेच पाणी येतं आणि टबाजवळ पहिलं पाऊल टाकणारं बदक त्यात होरपळतं. आधी ते बाजूला, मोकळ्या जमिनीवर सोडून द्यायचं, हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, मग टब भरायचा. काढलेलं घाण पाणी झाडांच्या बुंध्याशी ओतावं. बदकांच्या विष्ठेने ते खतासारखंच झालेलं असतं आणि ज्या झाडाच्या सावलीचा आपण फायदा घेतो त्यालाही ते मिळतं.

बर्फाबद्दल लोक फार विचारतात. पाणी गोठवलेली बाटली पिण्याच्या भांड्यात सोडली तर पाणी तासन्‌तास गार राहतं, हा सोपा आणि चांगला उपाय आहे. मोठा टब बर्फाने भरून टाकायची मात्र गरज नाही. फार थंड पाण्यात पायाच्या वाहिन्या आकसतात, रक्त पायात येईनासं होतं आणि उष्णता सोडायची मुख्य खिडकीच बंद होते. पाणी गार हवं, गोठवणारं नको.

फवारे आणि पंखे यांचं तारतम्य ठेवावं लागतं. हवा कोरडी असेल तर बारीक फवाऱ्याने आसपासची हवा आणि जमीन दोन्ही गार होतात. दमट हवेत हाच फवारा हवेतला ओलावा आणखी वाढवतो आणि धापेचा उपयोग कमी करतो. अशा दिवशी नुसता पंखा बरा. पण पंख्याचीही मर्यादा आहे: हवाच ४१ अंशांच्या वर गेली असेल तर वारा बदकाला गार करत नाही, उलट बाहेरची उष्णता अंगाकडे ढकलतो. शिवाय बदकं जिथे असतात तिथे पाणी सांडलेलं असणारच. विजेची वायर आणि बटण त्यांच्या चोचीच्या आणि पाण्याच्या आवाक्याबाहेर हवं, यात तडजोड नाही.

सावली आणि रात्रीचं खुराडं

झाडाच्या सावलीला तोड नाही. पानांतून सतत बाष्प बाहेर पडत असल्याने झाडाखालची हवाच थोडी गार असते, आणि खालची जमीन दिवसभर तापलेली नसते. झाड नसेल तर शेडनेट किंवा ताडपत्री चालते, पण ती उंच बांधायची आणि बाजू मोकळ्या ठेवायच्या. गुडघ्याइतक्या उंचीवर ताणलेली ताडपत्री स्वतः तापते आणि खाली बसलेल्या बदकांना वरून भाजते. उघड्या पत्र्याचं तर विचारूच नका. भर उन्हात पत्रा साठ अंशांच्या आसपास सहज जातो; त्याखाली सावली दिसते, पण बदक वरच्या तापलेल्या पत्र्याची धग अंगावर घेत असतं. पत्र्यावर पांढरा रंग, पेंढ्याचा जाड थर किंवा ओलं गोणपाट टाकलं की फरक लगेच जाणवतो. पत्र्याला हात लावायची गरज नाही, खाली वाकून डोकं आत घातलं तरी कळतं.

सावलीतली जमीन दुपारी बारा आणि चारला शिंपडून ठेवली तर बदकं तिथे पोट टेकून, पाय पसरून बसतात. ओल्या मातीत चोचीने खड्डे करतात, चिखल माखून घेतात. अंगणाची रया जाते हे खरं, पण चिखलात बसलेल्या बदकाला उचलून कोरड्या जागी नेऊ नका; त्याला काय हवंय ते कळतंय.

दिवसभर आपण डोळ्यात तेल घालून बघतो आणि रात्री खुराड्याचं दार लावून झोपतो. खरा त्रास कित्येकदा तिथे होतो. ४१ अंशांची आठ-दहा शरीरं लहान खोक्यात दाटीने बसलेली, दार बंद, भिंती दिवसभर तापलेल्या. बदकाच्या विष्ठेत पाण्याचं प्रमाण खूप असतं, त्यामुळे आतली हवा दमट होते आणि अमोनियाचा वासही चढतो. म्हणजे धाप टाकण्यासाठी सगळ्यात वाईट जागा. गरम हवा वर चढते, तेव्हा छपराच्या खालोखाल दोन्ही बाजूंना जाळीची उघडी जागा हवी आणि एका बाजूला खालीही. उन्हाळ्यात लाकडी दाराऐवजी मजबूत, बारीक छिद्रांच्या लोखंडी जाळीचं दार बसवावं. कोल्हा, मुंगूस, मांजर, कुत्रा यांच्यापासून राखण होते आणि वाराही खेळतो. कोंबड्यांच्या जाळीची पातळ तार शिकारी प्राणी सहज फाडतात, ती यासाठी वापरू नये.

तळाशी हिवाळ्यात घालतो तसा पेंढ्याचा जाड थर आता नको. ओला पेंढा कुजताना स्वतः उष्णता सोडतो. पातळ थर घालून तो वरचेवर बदलावा. रात्रीही पाणी जवळ हवं. ओल होईल म्हणून रात्री पाणी काढून घेणारे लोक आहेत. थंडीत ते एक वेळ चालेल, उकाड्याच्या रात्री नाही. बदकांच्या खोलीत निजायच्या वेळी आपण दहा मिनिटं बसू शकतो का, हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक निकष आहे. आपला जीव घाबरा झाला तर त्यांचाही होणार.

खाणं

पचन म्हणजे उष्णता. खाल्ल्यानंतर काही तास शरीर जास्त तापतं, म्हणून खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावं, भर दुपारी नाही. बदकं स्वतःच दुपारी खाणं टाकतात, त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. थंड केलेली काकडी, कलिंगडाच्या फोडी, पाण्यात सोडलेली हिरवी पानं ही वरकड खाणी चांगली, कारण त्यातून पाणी पोटात जातं. पण तीच पोटभर दिली तर मूळ खाद्य मागे पडतं आणि अंड्यांवर परिणाम होतो.

भिजवलेलं खाद्य उन्हाळ्यात काही तासांत आंबतं. उरलेलं सरळ टाकून द्यायचं. कोरड्या खाद्याची पोतीही दमट जागी ठेवू नयेत, कारण बुरशीतून येणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषाला बदकाची पिलं इतर बहुतेक पाळीव पक्ष्यांपेक्षा जास्त बळी पडतात. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी धरलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे लाखाहून अधिक टर्की मेल्या, तेव्हा बदकांची पिलंही मेली होती, आणि पुढे हे विष ओळखण्याच्या चाचणीसाठी बदकाची पिलंच वापरली जात. खाद्याला कुबट वास आला, गठ्ठे झाले किंवा हिरवट डाग दिसले तर वाळवून वापरायचा मोह टाळावा. उन्हात वाळवल्याने बुरशी वाळते, विष तसंच राहतं.

इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे क्षारांची पावडर उष्णतेच्या लाटेच्या दिवसांत एक-दोन दिवस देता येते, पण शेजारी साध्या पाण्याचं भांडं असलंच पाहिजे, आणि पावडर डुंबायच्या टबात टाकण्यात काही अर्थ नाही.

साचलेल्या पाण्याचं वेगळंच संकट

बदकांना गारवा देण्याच्या नादात अंगणात डबकी तयार होतात, आणि उन्हाळ्यात डबकं ही धोक्याची जागा आहे. गरम, साचलेल्या, प्राणवायू संपलेल्या चिखलात जिथे काही कुजत असतं तिथे बॉट्युलिझमचे जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष बदकाच्या नसांवर हल्ला करतं. आधी पाय लुळे पडतात, मग पंख, मग मान. मान उचलता येत नाही म्हणून बदक पाण्यातच बुडून मरतं. कुजणाऱ्या मृत पक्ष्यावर माश्यांच्या अळ्या पडतात, त्या अळ्यांच्या अंगात विष साठतं, दुसरी बदकं त्या अळ्या आवडीने खातात आणि साखळी वाढते. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या परिसरात १९१० मध्ये जंगली बदकं प्रचंड संख्येने मेली. तेव्हा खारट, अल्कधर्मी पाण्याला दोष दिला गेला होता. खरं कारण हे विष आहे हे १९३० च्या सुमारास कळलं.

म्हणून टबाचं पाणी उन्हाळ्यात रोज बदलायचं, शक्य असेल तर दिवसातून दोनदा. मेलेला उंदीर, पक्षी, मासा दिसला की लगेच उचलून खोल पुरायचा. पाण्यावर निळसर-हिरवा, रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर बदकं त्या पाण्यापासून लांब ठेवायची. त्या शेवाळासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंतले काही प्रकार यकृतावर आणि नसांवर घातक विष सोडतात. मागच्या बाजूची पिसं घाणीने चिकटली असतील तर ती धुऊन कोरडी करावीत, कारण उन्हाळ्यात माश्या तिथे अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात.

सगळी बदकं सारखी नसतात

घरगुती बदकांच्या जवळजवळ सगळ्या जाती मॅलार्ड या जंगली बदकापासून आलेल्या आहेत. अपवाद मस्कोव्हीचा, ती वेगळीच जात, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. तिच्या तोंडावरची लाल, उघडी कातडी उष्णता सोडायला मदत करते, त्यामुळे उकाडा तिला तुलनेने सोसतो. उभट चालीची, सडपातळ रनर जातही उन्हाळ्यात चपळ राहते. पेकिन आणि रुआन यांसारखी वजनदार, चरबीची बदकं मात्र सगळ्यात आधी धापा टाकू लागतात. कळपात दोन्ही प्रकार असतील तर रनरकडे बघून निश्चिंत होऊ नका, पेकिन बघा.

अंड्यांवर बसलेली मादी ही अशी एक बाब आहे जिच्याकडे दुर्लक्ष होतं. मॅलार्ड वंशाची मादी सुमारे २८ दिवस, मस्कोव्ही सुमारे ३५ दिवस बसते आणि दिवसातून थोडाच वेळ उठते. घरटं तापलेल्या कोपऱ्यात असेल तरी ती हटत नाही. घरटं हलवायचं नसेल तर त्यावर सावली करा आणि उठून चार पावलांवर पाणी मिळेल असं ठेवा. उबवायची नसलेली अंडी उन्हाळ्यात दिवसातून दोनदा गोळा करावीत. हवा २१ अंशांच्या वर गेली की फलित अंड्यात वाढ सुरू होऊ शकते.

पिलांची गोष्ट उलटी असते. ती उन्हाने तापतात तशी पाण्याने गारठतातही. तेलाची ग्रंथी पहिल्या काही आठवड्यांत पुरेशी काम करत नाही. आईसोबतच्या पिलांना आईच्या पिसांवरचं तेल लागतं. यंत्रात किंवा हाताखाली वाढणारी पिलं मात्र खोल पाण्यात भिजून जड होतात आणि भर उन्हाळ्यातही बुडू किंवा काकडू शकतात. त्यांना उथळ पाणी, त्यात दगड, आणि तेही आपली नजर असताना. उष्णतेच्या दिव्याबद्दल सांगायचं तर पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३२ अंश लागतात. खोलीच तेवढी गरम असेल तर दिवसा दिवा बंदच ठेवावा. पिलं दिव्यापासून लांब कोपऱ्यात पसरून धापा टाकत असतील तर उत्तर समोरच आहे.

आणि एक: मोसमातली पहिली लाट सगळ्यात घातक असते. शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. पुढे तितकंच तापमान बदकं बरीच सहज काढतात. म्हणून सावलीची तयारी ऊन चढायच्या आधी झालेली बरी.

कधी धावपळ करायची

चोच थोडी उघडी, पंख अंगापासून जरा लांब धरलेले, हे तापलेल्या बदकाचं साधं रूप आहे. पंखाखाली पिसं विरळ असतात, तिथून वारा खेळावा म्हणून ते असं करतं. त्याच्या घशाकडे बघा: कातडी भराभर हलत असते. एवढ्यावर घाबरायचं कारण नाही, पण सावली आणि पाणी ताबडतोब तपासा.

धोका पुढच्या टप्प्यात आहे. धाप थांबत नाही, बदक पाण्याकडे जायलाही उठत नाही, चालताना झोकांड्या जातात, डोळे मिटतात, मान पडते किंवा झटके येतात. अशा बदकाला अलगद उचलून शांत सावलीत न्यायचं. पाय आणि चोचीचं टोक गार पाण्यात धरायचं. पिसं बाजूला करून पोटाकडची आणि पंखाखालची कातडी ओली करायची, कारण वरून ओतलेलं पाणी तिथवर जात नाही. मान पाण्यावर धरून ठेवायची. ग्लानीत असलेलं बदक वीतभर पाण्यातही बुडतं. जवळ हळू पंखा चालू असेल तर चांगलं. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही. ड्रॉपरने घशात पाणी सोडायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. चोच ओली केली आणि ते स्वतः गिळत असेल तरच पाजायचं. अर्ध्या तासात फरक पडला नाही तर, आणि झटके येत असतील तर त्याआधीच, पशुवैद्याला फोन करायचा आणि न्यायचं झालं तर हवेशीर पिंजऱ्यातून, तळाशी ओलं फडकं घालून न्यायचं. मान लुळी आहे पण अंग तापलेलं नाही असं दिसलं तर बॉट्युलिझमची शंका पशुवैद्याला आठवणीने सांगावी, कारण दोन्हीचे उपचार वेगळे आहेत.

सावरलेलं बदक संध्याकाळपर्यंत कळपापासून वेगळं, पण आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर ठेवावं. एकटं पडलेलं बदक घाबरून आणखी धापा टाकतं. पुढचे काही दिवस त्याची अंडी बंद होतील किंवा कवच बिघडेल. त्या काळात त्याचं खाणं, पाणी पिणं आणि विष्ठा यांच्याकडे लक्ष ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते सावलीतच आहे ना हे सगळ्यात आधी बघायचं.